दहापैकी दहा जुळलं, मग धोका उरतो कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. शहादा तालुक्यातल्या एका ताईंची मुलगी 6 वर्षांची आहे, थॅलेसेमिया मेजर (अंगात पुरेसं हिमोग्लोबिनच बनत नाही), दर तीन आठवड्यांनी रक्त चढतं. डोनर जुळतो का ते बघणाऱ्या एचएलए तपासणीत 11 वर्षांच्या भावाशी 10 पैकी 10 जुळलं, 3 वर्षांच्या बहिणीशी 5. भाऊ स्वतः थॅलेसेमिया मायनर, म्हणजे नुसता वाहक आहे. त्याचा रक्तगट बी पॉझिटिव्ह, मुलीचा ओ पॉझिटिव्ह. नवरा-बायको एकमेकांचे आते-मामे भावंडं. डॉक्टरांनी भावाचा मॅरो (हाडाच्या आतला, रक्त तयार करणारा मगज) घेऊन ट्रान्सप्लांट करा म्हणून सांगितलं, पण धोका आहे हेही सांगितलं. ओळखीच्या कुणीतरी दोन्ही मुलांची ‘पूर्ण जीन टेस्ट’ करून घ्या असं सुचवलंय. ताई विचारतात, सख्खा भाऊ, शंभर टक्के जुळलेला, तर धोका येतो कुठून? आणि ती टेस्ट करायची का?

ताई, आधी उत्तर देतो. टेस्ट करू नका, ते पैसे पुढे लागतील. भाऊ चांगला डोनर आहे. तो मायनर आहे किंवा रक्तगट वेगळा आहे म्हणून काही अडत नाही, त्याची तयारी आधी करावी लागते एवढंच. धोका मात्र खरा आहे. तो कुठून येतो ते समजलं, तर डॉक्टरांना काय विचारायचं आणि घरी कशाची घाई करायची हे तुमचं तुम्हालाच कळेल.

‘दहापैकी दहा’ म्हणजे काय, इथून सुरुवात करू. शरीर आपलं-परकं ओळखतं ते मुख्यतः एचएलए नावाच्या प्रथिनांवरून. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना लागून बसलेली असतात. तपासणीत त्यातल्या पाच जागा बघतात : ए, बी, सी, डीआरबी1 आणि डीक्यूबी1. प्रत्येक जागेवर एक प्रत आईकडची, एक बापाकडची, म्हणून पाच दुणे दहा. या जागा जवळजवळ असल्यामुळे मुलाकडे त्या सुट्या सुट्या येत नाहीत. केळीचा घड जसा अख्खा उतरतो तसा आईचा एक पूर्ण संच आणि बापाचा एक पूर्ण संच येतो. दोघांकडे दोन-दोन संच, म्हणून एका सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के, निम्मं जुळण्याची 50 टक्के आणि काहीच न जुळण्याची 25 टक्के. तुमच्या धाकटीचे 5 आले ते निम्मं जुळणं. तिच्यात काही कमी आहे असं नाही.

पण हा सगळा हिशोब सहाव्या गुणसूत्राच्या एका तुकड्याचा आहे. बाकीच्या जनुकांत सख्खी भावंडं सरासरी निम्मीच सारखी असतात, आणि तीही सरासरीच. कुठल्या जोडीत हे प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास, तर कुठल्या जोडीत 60. म्हणजे रिपोर्टवर दहापैकी दहा असलं तरी तुमच्या दोन मुलांत प्रथिनांचे छोटे छोटे फरक हजारोंच्या घरात आहेत. धोक्याचा एक मोठा भाग त्यातून येतो.

कसा, ते बघा. एचएलए प्रथिनाचं काम पेशीच्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर धरून पहारेकरी पेशींना दाखवणं. तुकडा धरणारं एचएलए दोन्ही मुलांत सारखं आहे, पण धरलेला तुकडा वेगळा असू शकतो. भावाच्या मॅरोमधून आलेल्या टी-पेशींना मुलीच्या त्वचेवर, आतड्यात किंवा लिव्हरमध्ये एखादा असा तुकडा दिसला, जो भावाच्या शरीरात कधी नव्हताच, तर त्या हल्ला करतात. तेच जीव्हीएचडी : अंगावर पुरळ, पाण्यासारखे जुलाब, वाढलेलं बिलिरुबिन (कावीळ). उलट मुलीच्या उरलेल्या पेशींना भावाचा तुकडा परका वाटला, तर मॅरो धरत नाही. या तुकड्यांना मायनर अँटिजेन म्हणतात. नाव मायनर असलं तरी हे प्रकरण किरकोळ नाही. (थॅलेसेमिया मायनरशी याचा काही संबंध नाही, त्यावरून गोंधळ होतो म्हणून सांगून ठेवतो.)

काही तुकडे चांगले ओळखीचे झालेत. एचए-1 मध्ये एका प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदलतं, काहींत हिस्टिडिन, काहींत आर्जिनिन. तेवढ्यावरून टी-पेशी चवताळतात, पण तेही पेशंटकडे एचएलए-ए*02:01 सारखा ठराविक प्रकार असेल तरच, कारण तो तुकडा धरायला तसा हात लागतो. दुसरा प्रकार आख्ख्या जनुकाच्या गैरहजेरीचा. यूजीटी2बी17 नावाचं जनुक काही लोकांत दोन्ही प्रतींतून गळालेलं असतं. त्यांना त्याने काही त्रास नसतो. पण असा माणूस डोनर झाला आणि पेशंटकडे ते जनुक असलं, तर डोनरच्या पेशींना ते पूर्ण प्रथिनच नवं. एचएलए पूर्ण जुळलेल्या भावंडांच्या हजारावर जोड्यांवर झालेल्या आणि 2009 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात अशा जोड्यांत तीव्र जीव्हीएचडी जास्त दिसला.

तिसरा प्रकार सगळ्यात सोपा, त्याला लॅब लागत नाही : वाय गुणसूत्र. मुलाच्या पेशींवर वायकडून आलेले तुकडे असतात, मुलीकडे ते नसतात. बहिणीने भावाला मॅरो दिला तर जीव्हीएचडी, विशेषतः लांबणारा, थोडा जास्त होतो, आणि देणारीची बाळंतपणं झालेली असतील तर आणखी थोडा. तुमच्याकडे उलटं आहे, भाऊ बहिणीला देतोय. इथे कल मॅरो नाकारण्याकडे असतो, पण फरक छोटा आहे. त्यासाठी 10 पैकी 10 चा भाऊ सोडून कुणी दुसरा डोनर शोधत नाही.

आता पूर्ण जीन टेस्टचं. हे सगळे फरक मोजता येतात, खोटं नाही. पण रिपोर्ट आल्यावर करायचं काय? तुमच्याकडे पूर्ण जुळलेला एकच भाऊ आहे, निवड करायला दुसरा नाही. आणि जीव्हीएचडी रोखण्याची औषधं प्रत्येक पेशंटला द्यावीच लागतात. जुळलेली दोन भावंडं असतील तेव्हासुद्धा निवड आम्ही साध्या गोष्टींवर करतो : वजन पुरेसं आहे का, रक्तगट, मुलगा की मुलगी, बाळंतपणं झालीत का, तब्येत. ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) किंवा ॲप्लास्टिक ॲनिमिया (मॅरो आटून जाणं) असेल तर गोष्ट वेगळी. तिथे फॅन्कोनीसारखा किंवा घराण्यात चालत आलेला मॅरोचा दोष भावातही लपलेला असू शकतो, म्हणून डोनरची ठराविक जनुकं तपासावी लागतात. थॅलेसेमियात डोनरच्या हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारं एचबी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी बास. सोबत जी6पीडी (लाल पेशींना फुटण्यापासून जपणारं एन्झाइम) बघून घ्या, कारण ट्रान्सप्लांटनंतर मुलीच्या लाल पेशी भावाच्याच असतील. त्याला ती कमतरता असली तर ती तिच्याकडे येते आणि पुढे काही औषधं जपून द्यावी लागतात.

पैसे खर्च करायचेच तर एका तपासणीवर करा : तुम्हा दोघा नवरा-बायकोचं एचएलए. सगळे म्हणतात जुळलंय ना, मग आई-बापाचं कशाला. कारण आई-बापाचे चार संच कागदावर मांडले की मुलीकडे कुठले दोन आले आणि भावाकडेही तेच आले का, हे डोळ्यांना दिसतं. संच उतरताना मध्येच तुटून अदलाबदल होऊ शकते. ए आणि बी या जागांमध्ये असं शंभरात एखाद्या वेळी होतं, डीपी नावाच्या बाजूच्या जागेपाशी त्याहून जास्त. सख्ख्या भावंडांत 10 पैकी 9 असा रिपोर्ट आला की हीच शंका घ्यायची, नाहीतर नमुन्यांची अदलाबदल झाली का ते बघायचं. म्हणूनच ट्रान्सप्लांटआधी दोन्ही मुलांचा नवा नमुना घेऊन एचएलए पुन्हा एकदा करतात. त्याचा पुन्हा खर्च सांगितला म्हणून हॉस्पिटलवर संशय घेऊ नका.

तुमच्या घरात आई-बापाच्या तपासणीला आणखी एक कारण आहे. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न आपल्याकडे नवं नाही. अशा जोडप्याकडे एकाच आजी-आजोबांकडून आलेला सारखा संच असू शकतो. समजा तुमच्या मालकांचे संच क आणि ख, तुमचे ग आणि घ, आणि ख व ग हे मुळात एकच. मुलीला क आणि ग मिळाले असतील तर तिचा बाप, म्हणजे क-ख, तिच्याशी पूर्ण जुळतो. म्हणजे हाताशी दुसरा डोनर आला. तो पहिल्यांदा नको, भाऊच बरा. पण मॅरो धरला नाही किंवा ऐनवेळी भावाला कावीळ झाली, तर हा कागद फार कामाचा. सारखे संच आले की दुसरी एक भानगडही होते. एखाद्या जागेवर मुलीच्या दोन्ही प्रती सारख्याच असतील आणि डोनरच्या वेगळ्या, तर डोनरकडचं काहीतरी तिच्याकडे नाही, म्हणून मॅरो नाकारला जाण्याची भीती. डोनरच्या सारख्या आणि तिच्या वेगळ्या असतील तर जीव्हीएचडीची. तुमच्या मुलांत दहाच्या दहा जुळल्यामुळे हा प्रश्न नाही, पण धाकटीचा किंवा काका-मामांचा विचार कधी झालाच, तर नुसता आकडा बघून चालणार नाही, दिशा बघावी लागते.

भाऊ मायनर आहे त्याचं. थॅलेसेमियाचं बीटा ग्लोबिन जनुक अकराव्या गुणसूत्रावर आणि एचएलए सहाव्यावर, म्हणजे एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. आई-बाप दोघं मायनर असताना एखादं भावंड मेजर नसण्याची शक्यता चारात तीन, जुळण्याची चारात एक, दोन्ही मिळून सोळात तीन. तुम्हाला तो मिळालाय. मायनर डोनरचा मॅरो घेऊन मूल मायनर होतं, हिमोग्लोबिन 10-11 च्या आसपास राहतं आणि रक्त लागत नाही. नंदुरबार भागात भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल बराच आहे, तिथेही हेच गणित चालतं. एएस म्हणजे वाहक भावंड चालतं, एसएस म्हणजे स्वतः आजारी असलेलं चालत नाही.

रक्तगटाचं जनुक नवव्या गुणसूत्रावर, म्हणून तो वेगळा येणं अगदी नेहमीचं. मुलगी ओ, तिच्या रक्तात बीच्या विरुद्ध अँटिबॉडी असणार, आणि भावाचा मॅरो लाल पेशींनी भरलेला. तो तसाच चढवला तर त्या पेशी फुटतील. म्हणून लॅबमध्ये मॅरोमधल्या लाल पेशी काढून टाकतात. नंतर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट वेळेवर येतात, लाल पेशी मात्र कधीकधी काही आठवडे, क्वचित महिने, उशिरा येतात. तेवढे दिवस ओ गटाच्या पिशव्या लागतील. पुढे मुलीचा रक्तगट बी होईल. जुनी कार्डं तेव्हा फाडून टाका, तालुक्याच्या दवाखान्यात कुणी जुनं कार्ड बघून रक्त मागवायला नको.

फरकांमुळे औषधं कशी ठरतात तेही सांगतो. ल्युकेमियात डोनरच्या पेशींनी थोडा हल्ला केलेला फायद्याचा असतो, उरलेला कॅन्सर त्या खातात. थॅलेसेमियात त्या हल्ल्याचा शून्य फायदा. म्हणून आम्ही सगळा जोर तो रोखण्यावर लावतो. हातातून काढलेल्या स्टेम पेशींऐवजी कमरेच्या हाडातला मॅरो घेतो, कारण त्यात टी-पेशी कमी आणि लांबणारा जीव्हीएचडी कमी. कंडिशनिंगमध्ये, म्हणजे मुलीचा जुना मॅरो रिकामा करण्याच्या औषधांत, बहुतेक ठिकाणी टी-पेशी मारणारं एटीजी असतं. टी-पेशींना दाबून ठेवणारं सायक्लोस्पोरिन मॅरो चढवण्याच्या आदल्या दिवसांपासून सुरू करून सहा महिने ते वर्षभर उतरवत नेतात, आणि मेथोट्रेक्सेटचे छोटे डोस पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बऱ्याच ठिकाणी अकराव्या दिवशी. तब्येत छान दिसतेय म्हणून सायक्लोस्पोरिन मनाने बंद करणं, हे घरी गेल्यावरचं सगळ्यात महाग पडणारं काम आहे.

मॅरो किती लागतो याची भीती आई-बापांना असते. मुलीचं वजन 17 किलो धरलं तर दर किलोला 30 ते 50 कोटी पेशी हव्यात. साधारण 10 ते 15 मिली दर किलो, म्हणजे 170 ते 255 मिली मॅरो. भाऊ 30 किलोचा असेल तर त्याच्याकडून जास्तीत जास्त 20 मिली दर किलो, म्हणजे 600 मिलीपर्यंत घेता येतो. निम्म्याहून कमीत काम होतं. तो मायनर असल्याने त्याचं हिमोग्लोबिन आधीच थोडं कमी असेल. त्याला लोहाची गोळी द्यायची ती फेरीटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) बघूनच. नुसत्या बारीक पेशी बघून लोह देत बसू नका.

आता खुद्द मुलीच्या जनुकांचा एक मुद्दा, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. मॅरो रिकामा करायला बरेच ठिकाणी बुसल्फान देतात. ते औषध शरीरातून काढण्याचं काम लिव्हरमधली जीएसटी एन्झाइम्स करतात, आणि त्यांची जनुकं सगळ्यांत सारखी नसतात. त्यामुळे वजनाप्रमाणे तोच डोस दिला तरी एका मुलात औषध कमी पडून मॅरो धरत नाही आणि दुसऱ्यात साठून लिव्हरच्या बारीक नसा बंद होतात, पोट फुगतं, वजन वाढतं, कावीळ चढते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून 2004 मध्ये थॅलेसेमियाच्या मुलांवरच हे दाखवलं गेलं : ज्यांच्यात जीएसटीएम1 जनुक नव्हतं त्यांना हा लिव्हरचा त्रास जास्त झाला. पण इथेही जनुक तपासत बसण्यापेक्षा पहिल्या डोसनंतर रक्तातली बुसल्फानची पातळी मोजून पुढचे डोस बदलणं जास्त कामाचं. डॉक्टरांना हे सरळ विचारा : तुमच्याकडे बुसल्फान लेव्हल होते का? होत नसेल तर ट्रिओसल्फान, थायोटेपा, फ्लुडाराबिन असं दुसरं कंडिशनिंग देणार का?

भावंडांतले हेच फरक एका जागी आपल्या कामाला येतात. ट्रान्सप्लांटनंतर मुलीच्या रक्तात भावाच्या पेशी किती आणि तिच्या स्वतःच्या किती, हे मोजायला दोघांच्या डीएनएतल्या वेगळ्या खुणा लागतात. या तपासणीला कायमेरिझम म्हणतात. त्यासाठी मुलीचा आधीचा नमुना जपून ठेवलेला असावा लागतो, शक्यतो गालाच्या आतला स्वॅब किंवा रक्त चढवण्याआधी काढलेला. तो राहून गेला तर नंतर नखांमधून डीएनए काढण्याची वेळ येते. आई-बाप नात्यातले असले की भावंडांत सारख्या खुणा जास्त, म्हणून उपयोगी खुणा थोड्या कमी मिळतात. पण एका वेळी पंधरा-सोळा खुणा बघतात, आणि तुमच्याकडे मुलगा-मुलगी असल्याने वाय गुणसूत्र हीच मोठी खूण आहे. साधारण 30, 60, 100 दिवसांनी आणि मग सहा महिने-वर्षाला ही तपासणी होते. दोन महिन्यांनी मुलीच्या स्वतःच्या पेशी 10 टक्क्यांच्या आत असतील तर सहसा निभावतं. 25 टक्क्यांच्या वर गेल्या तर मॅरो जाण्याची शक्यता फार मोठी आणि तातडीने औषधं बदलावी लागतात. शेवटी थोडे मिसळलेले राहून स्थिर झालं तरी हरकत नाही. भावाच्या 20-30 टक्के पेशींवरही कित्येक मुलं रक्ताशिवाय राहतात.

हे सगळं सांगून झाल्यावर माझं मत : तुमच्या मुलीच्या बाबतीत जनुकांच्या या उरलेल्या फरकांपेक्षा लिव्हर आणि वय जास्त वजनदार आहे. युरोपातल्या 2000 ते 2010 च्या नोंदींत जुळलेल्या भावंडांकडून ट्रान्सप्लांट झालेली थॅलेसेमियाची शंभरातली सुमारे 90 मुलं जगली आणि 80 च्या वर थॅलेसेमियातून मोकळी झाली. पण लिव्हर वाढलेलं, त्यात फायब्रोसिस झालेलं (चट्टे पडून कडक झालेलं) आणि सारखं रक्त चढवून साठलेलं लोह काढायचं औषध अनियमित, अशा मुलांत आकडे खाली येतात. वेल्लोरच्या अनुभवात 7 वर्षं किंवा जास्त वय आणि बरगडीखाली 5 सेंटिमीटर किंवा जास्त लिव्हर हे दोन्ही एकत्र आले की धोका सगळ्यात वाढतो. मुलगी 6 ची आहे. म्हणजे फेरीटिन आणि लिव्हरचा एमआरआय आत्ता करून घ्यायचे, लोह काढणारं डेफेरासिरॉक्स एकही दिवस चुकवायचं नाही आणि तारीख ‘पुढच्या दिवाळीनंतर’ वर ढकलायची नाही.

तोपर्यंत एक गोष्ट कटाक्षाने पाळा. रक्त चढवायच्या दिवशी घरातला कुणीतरी बाह्या वर करून उभा राहतो, मामा तर हमखास. भावाचं, बापाचं, तुमचं, काका-मामांचं कुणाचंच रक्त तिला थेट चढवू देऊ नका. त्या रक्तातले मायनर अँटिजेन भावाच्या मॅरोतही असणार, आणि तिचं शरीर आधीच त्यांच्याविरुद्ध तयार झालं तर मॅरो न टिकण्याचा धोका वाढतो. नातेवाइकांना रक्तपेढीत देऊ द्या, बदल्यात दुसऱ्याची पिशवी घ्या. प्रत्येक पिशवी ल्युकोरिड्यूस्ड, म्हणजे पांढऱ्या पेशी काढलेली, आहे का विचारा. नसेल तर बेडपाशी लावायचा ल्युकोसाइट फिल्टर मागा. ट्रान्सप्लांट ठरल्यावर रेडिएशन दिलेल्या पिशव्या लागतात, त्या जिथे मिळतात तिथेच तेव्हा रक्त घ्या.

खर्चाचं. कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना जुळलेल्या भावंडाकडून होणाऱ्या ट्रान्सप्लांटला ठरावीक हॉस्पिटलांत 10 लाखांपर्यंत मदत करते. वयाची आणि उत्पन्नाची अट असते, ती हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारून घ्या. मुंबईत बोरिवलीला महापालिकेचं थॅलेसेमिया आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं (बीएमटी) केंद्र आहे, तिथेही चौकशी करा. अर्जाला मुलीचा आणि भावाचा एचएलए रिपोर्ट लागतो. दोघांचे मूळ रिपोर्ट, एचपीएलसीचे कागद आणि आजवरच्या सगळ्या पिशव्यांची नोंदवही एका फायलीत लावा. आणि ट्रान्सप्लांटनंतर साधारण 100 दिवस हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहावं लागेल, तेवढ्या दिवसांत शेताचं आणि धाकटीचं कोण बघणार हे आत्ताच घरी बोलून घ्या.